ओव्हनमध्ये बेकन: स्वतः खात नाही, पण चौदा जणांसाठी करायचं आहे

मृण्मयी_कोलंबस

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी सकाळी मुलाच्या स्विम टीमचा नाश्ता आमच्याकडे आहे. हायस्कूलची पोरं, पहाटेची प्रॅक्टिस आटोपून थेट घरी येणार, म्हणजे भुकेचं काही विचारू नका. अंडी, पॅनकेक, फळं हे सगळं मला जमतं. मुलाची मागणी एकच आहे: "आई, बेकन हवंच, आणि लिबलिबीत नको."

आता माझ्या अडचणी ऐका. मी पोर्क खात नाही, त्यामुळे एक तुकडा तोंडात टाकून झालंय की नाही हे मला ठरवता येत नाही. शेगडी काचेची, इलेक्ट्रिक. तव्यात एका वेळी पाच-सहा पट्ट्या मावतात, आणि उडालेली चरबी मागच्या भिंतीपर्यंत जाते. शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह आहे, त्याचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत घरातच सोडतो. स्मोक अलार्म स्वयंपाकघराच्या तोंडाशीच. म्हणून ओव्हनमध्ये करावं म्हणते.

त्यात सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. पूर्ण शाकाहारी. त्यांची कशालाच ना नाही, उलट "पोहून आलेली पोरं आहेत, खाऊ दे पोटभर" म्हणाल्या. पण रविवारी त्याच ओव्हनमध्ये त्या नानकटाई करणार आहेत, आणि तिला डुकराच्या चरबीचा वास लागलेला मला अजिबात चालणार नाही.

तर तापमान किती? ओव्हन आधी तापवायचा की थंड असतानाच ट्रे ठेवायचा? इंटरनेटवर दोन्ही सांगतात. जाळी लागते का? दोन ट्रे एकदम चालतील का? आणि मुख्य म्हणजे, न खाता कळतं का की झालंय?

---

एडिसनचा_सॅमी

४०० फॅरनहाइट, फॉइल लावलेला ट्रे, २० मिनिटं. आमच्याकडे दर रविवारी असंच. फार विचार करू नका.

---

पापडीकर

मृण्मयीताई, मी वसईचा, पापडीचा. क्रूझ जहाजाच्या गॅलीत नोकरी केली, त्यातला बराच काळ ब्रेकफास्ट शिफ्टला. जहाज मायामीहून सुटायचं, प्रवासी बहुतेक अमेरिकन. सकाळच्या बुफेत बेकन संपलं तर तक्रार शेफच्याही वर जायची. तिथे बेकन कोणी तव्यावर करत नव्हतं. सगळं ट्रेवर, ओव्हनमध्ये. कारखान्यातूनच पट्ट्या पार्चमेंटवर मांडून येतात, त्याला लेआउट पॅक म्हणतात. कागदासकट उचलायचं, ट्रेवर ठेवायचं, आत ढकलायचं.

चव घेता येत नाही याची काळजी सोडा. बेकन करणारा चव घेत बसत नाही, तो बघतो. आमच्या शिफ्टला एक तमिळ सहकारी होता, जन्मात मांस न खाल्लेला. नेमक्या वेळी ट्रे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

काय बघायचं ते नीट सांगतो, कारण बाकी सगळं त्यानंतर. पाकिटातल्या बेकनमध्ये बहुतेक वेळा खारं पाणी टोचून भरलेलं असतं. ओव्हनमध्ये आधी ते निघतं. मोठे बुडबुडे येतात, तडतड आवाज येतो, कडेला पांढरं काहीतरी साचतं. तिकडे लक्ष देऊ नका, ते मिठाचं पाणी आणि प्रथिनं. मग चरबी वितळायला लागते, पट्टी आकसते, ट्रेमध्ये चरबी जमते. पाणी संपत आलं की आवाज उतरतो, बुडबुडे बारीक होतात आणि पट्ट्यांवर बारीक फेस धरतो. हा फेस दिसला की ओव्हनसमोरून हलायचं नाही. फोन आला तर वाजू द्या. तोपर्यंतची मिनिटं मागेपुढे झाली तरी बिघडत नाही, पण फेसानंतरची दोन-तीन मिनिटं फार महत्त्वाची.

तेव्हा पट्टीचा मांसाचा भाग चिक्कीच्या गुळाच्या रंगावर यायला हवा आणि चरबीचा पट्टा सोनेरी. चिमट्याने एक टोक उचला. लुळी पडली तर अजून थांबा. अर्धी ताठ राहून टोक फक्त किंचित वाकलं तर काढा. ओव्हनमध्येच पूर्ण ताठ होऊ दिली तर उशीर झाला समजा, कारण बाहेर काढल्यावरही ट्रेमधल्या गरम चरबीत ती शिजतच असते आणि कागदावर गार होताना आणखी कडक होते.

तापमान. सॅमीभाऊंचं ४०० चुकीचं नाही, पुष्कळ लोक तेच सांगतात. पण तुमचा पंखा आणि तुमचा अलार्म बघता मी ३७५ सांगेन, म्हणजे १९० सेल्सियस. डुकराची चरबी साधारण तेवढ्यावरच धुरायला लागते. त्याच्या वर जेवढं जाल तेवढा उडालेल्या थेंबांचा धूर. ३७५ ला पाचेक मिनिटं जास्त लागतील, पण फेस ते करपणे यात सवडही जास्त मिळेल. तुम्ही पहिल्यांदा करताय, ती सवड हवी. ओव्हनला फॅनचा मोड असेल आणि तो लावलात तर ३५० करा. पाकिटावर मेपल किंवा ब्राउन शुगर लिहिलं असेल तर तेही ३५० लाच, साखर आधी करपते.

थंड ओव्हन की गरम? थंडीत ठेवलं तर मांस आवळण्याआधी चरबीला सुटायला वेळ मिळतो, पट्टी सपाट राहते, दिसायला छान. पण तुमचा दुसरा घाणा गरम ओव्हनमध्येच जाणार आहे. म्हणून पहिला थंडीत ठेवा, दुसरा सरळ गरम ओव्हनमध्ये, आणि दुसऱ्या वेळी पाच-सात मिनिटं आधीपासून बघायला लागा. साध्या जाडीच्या पट्टीला गरम ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटं, थंडीतून सुरू केलं तर २० ते २५. थिक कट असेल तर आणखी पाच. हे आकडे फक्त केव्हा डोकावायचं ते कळण्यासाठी.

हिशोब. चौदा जण, माणशी तीन, म्हणजे ४२ पट्ट्या. एक पौंडाच्या साध्या पाकिटात १६ ते २० असतात. तीन पाकिटं घ्या. १८ बाय १३ इंचाचा हाफ शीट ट्रे असेल तर त्यात बारा सहज मावतात, शेजारच्या पट्टीला टेकलेल्या चालतात, एकीवर एक नकोत. दोन ट्रे, दोन घाणे. दोन ट्रे एकदम ठेवलेत तर अर्ध्या वेळेला वरचा खाली, खालचा वर, आणि पुढची बाजू मागे. घरच्या ओव्हनमध्ये मागचा कोपरा बहुधा जास्त तापतो.

ट्रेला कड हवीच, निदान एक इंचाची. कुकी शीटची एक बाजू सपाट असते, ती घेऊ नका. शिजल्यावर बेकन वजनाने तिसरा हिस्सा उरतं. बाकीचं पाणी वाफ होऊन जातं आणि चरबी ट्रेमध्ये राहते. ट्रेवर आधी फॉइल, ती कडांवरून बाहेर दुमडलेली. तिच्यावर पार्चमेंट. फॉइलमुळे ट्रेला चरबी लागत नाही, पार्चमेंटमुळे पट्टी चिकटत नाही. वॅक्स पेपर घेऊ नका, तो दिसतो तसाच पण त्याचं मेण वितळतं.

सासूबाईंसाठी वेगळे ट्रे घ्यायचे असतील तर एक विनंती. दुकानात पातळ अॅल्युमिनियमचे वापरून फेकायचे ट्रे मिळतात, ते नुसते घेऊ नका. चरबीने भरले की उचलताना मधेच वाकतात. मी एका मुलाच्या पायावर सांडलेलं बघितलंय. घ्यायचेच तर खाली पक्का ट्रे ठेवून दोन्ही एकत्र उचला.

आणि हे लक्षात असू द्या: चरबीने ओव्हनमध्ये पेट घेतला तर दार उघडायचं नाही. ओव्हन बंद, दार बंद, हवा न मिळाल्याने विझते. पाणी तर अजिबात नाही.

---

मृण्मयी_कोलंबस

काका, मनापासून धन्यवाद. प्रिंट काढून फ्रिजवर लावते. दोन प्रश्न राहिले. शनिवारी सकाळी पॅनकेक आणि दोन घाणे एकदम झेपतील असं वाटत नाही. आदल्या रात्री करून ठेवलं तर? आणि जाळीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत.

---

पापडीकर

आदल्या रात्री नक्की करा, जहाजावर आम्ही तेच करायचो. पट्ट्या पूर्ण शिजवायच्या, फक्त शेवटचा कडकपणा राहू द्यायचा. म्हणजे फेस आला, रंग धरायला लागला की काढायच्या. पेपर टॉवेलवर गार करून डब्यात, मध्ये पार्चमेंट घालून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. अर्धवट कच्चं मात्र ठेवू नका. सकाळी ३५० च्या ओव्हनमध्ये एका थरात सहा-आठ मिनिटं, झालं. यात आणखी एक फायदा असा की सगळी चरबी शुक्रवारी रात्रीच निघालेली असते, त्यामुळे सकाळी धूर नाही आणि रात्रभर खिडक्या उघड्या ठेवता येतात.

जाळी मी वापरत नाही. पट्टी स्वतःच्या चरबीत बसली की तिला सगळीकडून सारखी उष्णता लागते आणि खालची बाजू तळली जाते. जाळीवर ती वरून वाळते. शिवाय जाळीच्या प्रत्येक सांध्यात करपलेली चरबी बसते, ती घासायला ट्रेच्या दुप्पट वेळ. जाळी कामाची ती नंतर, झालेलं बेकन २०० फॅरनहाइटवर गरम ठेवायला.

---

लेस्टरची_वर्षा

काकांशी जाळीबाबत थोडी असहमत. आम्ही इंग्लंडमध्ये, इथे नुसतं बेकन म्हटलं की बहुधा बॅक बेकन. ते पाठीकडचं, चरबी फक्त कडेला. अमेरिकेत मिळतं ते पोटाकडचं, त्याला इथे स्ट्रीकी म्हणतात. बॅक बेकनमधून फार चरबी सुटत नाही, उलट पाणी बरंच सुटतं. जाळीशिवाय केलं तर ते त्या पाण्यात उकडलं जातं आणि करडं दिसतं. म्हणून इथे पूर्वीपासून ग्रिलखाली जाळीवर करतात. ओव्हनमध्ये करायचं तर २०० सेल्सियस, गॅस मार्क ६, जाळीवर, बारा-पंधरा मिनिटं. आणि ते कुरकुरीत करायच्या भानगडीत पडू नये, चिवट होतं. मऊ पावात, ब्राउन सॉस लावून खायचं.

मृण्मयी, तुमच्याकडे स्ट्रीकीच असणार, तेव्हा काकांचंच ऐका. मी लिहिलं ते इकडून वाचणाऱ्यांसाठी.

एक मात्र सगळ्यांसाठी: चरबी सिंकमध्ये ओतू नका, गरम पाणी सोडून तर नाहीच. ती पुढे पाइपात गोठते. २०१७ साली लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात चरबीचा आणि वेट वाइप्सचा गोळा सापडला होता, अडीचशे मीटर लांब, १३० टन. तो फोडून काढायला कामगारांना काही आठवडे लागले. मी नगरपालिकेच्या कचरा विभागात काम करते, असल्या कामावरची माणसं रोज बघते, म्हणून तळमळीने सांगते.

---

पापडीकर

वर्षाताई, बॅक बेकनला जाळी, अगदी बरोबर. ब्रिटिश प्रवासी असले की आम्हीही ते वेगळं करायचो. आणि गटाराचं लिहिलंत ते फार बरं केलंत. जहाजावर चरबी नाल्यात गेली तर मोठी बोलणी बसायची, सगळी पिंपात भरून बंदरावर उतरवायची.

---

नाशिकचा_फूडटेक

माझं शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं, म्हणून भर घालतो. बेकनचा गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा. ते नसतं तर बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढण्याचा धोका, म्हणून ते घालतात. पण फार जास्त आचेवर त्यातून नायट्रोसामाइन्स, म्हणजे कर्करोगाशी जोडलेली रसायनं, तयार होतात. याच कारणाने अमेरिकेत टोचून भरलेल्या बेकनला नायट्राइटची मर्यादा १२० पीपीएम (दहा लाख भागांत १२०) आहे, आणि सोबत अॅस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट घालणं सक्तीचं आहे, ते ही प्रक्रिया रोखतं. म्हणजे पापडीकरकाका ३७५ वर थांबायला आणि गुळाच्या रंगावर काढायला सांगतात, ते आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य. काळं केलेलं बेकन टाळावंच.

पाकिटावर 'अनक्युअर्ड' (वेगळं नायट्राइट न घातलेलं) लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. त्यात बहुतेकदा सेलरीची पावडर असते, आणि तिच्यातूनही नायट्राइटच मिळतं.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत, टाकलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्विम टीमच्या एका नाश्त्यासाठी घाबरायचं कारण नाही. घरात रोजचं होऊ देऊ नये, एवढंच.

---

कॅम्पातली_अनघा

पुण्यात ओटीजीमध्ये करणाऱ्यांचं काय? माझा २८ लिटरचा आहे. इथे कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवलेलं स्ट्रीकी बेकन मिळतं. वरची कॉइल इतकी जवळ असते की चरबी उडाली की लगेच धूर.

---

पापडीकर

अनघाताई, आता मी वसईला घरी ओटीजीमध्येच करतो, रविवारी मिस्सा करून आल्यावर. बेकन आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा, अर्धवट गोठलेलं असेल तर पट्ट्या सोडवताना फाटतात. फक्त खालची कॉइल लावा, वरची बंद. १८० सेल्सियस, ट्रे मधल्या खाचेत, एका वेळी पाच-सहा पट्ट्या. फॉइल ट्रेलाच लावा. ओटीजीच्या तळाशी, कॉइलखालच्या कचऱ्याच्या ट्रेवर फॉइल पसरू नका, उष्णता अडकते. सोबत मिळणारा ट्रे उथळ असतो, म्हणून मी केकचं चौकोनी भांडं वापरतो. मधेच एकदा जमलेली चरबी चमच्याने वाटीत काढतो. भांडं बाहेर काढून, ओट्यावर ठेवून. ओव्हनच्या आत हात घालून नव्हे.

ती चरबी टाकू नका. गाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. बटाट्याच्या काचऱ्या त्यात परतल्या तर आमच्याकडे दुसरं तोंडी लावणं लागत नाही.

---

मृण्मयी_कोलंबस

मंडळी, नाश्ता झाला! एकही पट्टी उरली नाही.

शुक्रवारी रात्री ३७५ वर केलं. साधं, हिकरीच्या धुराचं, बिनसाखरेचं. सासूबाई खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसल्या. मी काकांचं लिहिलेलं वाचून दाखवत होते आणि त्या बघत होत्या. आवाज उतरला हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं. "फेस आला गं," म्हणाल्या, "तुपाची कढ उतरतेय, तस्सं." आयुष्यभर लोणी कढवलेली बाई, आवाजावरून तूप ओळखणारी. दुसऱ्या घाण्याला तर मी पॅनकेकचं पीठ भिजवत होते आणि ट्रे कधी काढायचा ते त्याच सांगत होत्या. वरचा ट्रे खालच्याच्या आधी झाला, अदलाबदल करूनसुद्धा, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वेळी काढले. अलार्म वाजला नाही.

सकाळी ३५० वर सात मिनिटं. मुलाने पहिली पट्टी मोडली, कट्कन आवाज आला, मान डोलावली. सोळा वर्षांच्या मुलाकडून एवढं पुष्कळ.

ओव्हन गार झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने पुसला, दाराच्या काचेची आतली बाजू बेकिंग सोड्याने. मग रिकामाच ४०० वर अर्धा तास चालवला, खिडक्या उघड्या ठेवून. नानकटाईला फक्त वेलचीचा वास होता.

---

अटलांटा_सुजय

छान वाटलं वाचून. आमच्या मुलांचे काही मित्र पोर्क खात नाहीत, त्यांच्यासाठी टर्की बेकन करायचं आहे. हीच पद्धत चालेल का?

---

पापडीकर

मृण्मयीताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. लोणी कढवण्याचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. लोणीही आधी पाणी सोडतं आणि मगच आवाज उतरतो.

सुजय, थोडा फरक करावा लागेल. टर्कीमध्ये चरबी फार कमी, ते मांस बारीक करून दाबून बनवलेलं असतं. स्वतःच्या चरबीत तळलं जाईल अशी अपेक्षाच ठेवू नका. पार्चमेंटवर तेलाचा हात फिरवा, पट्ट्यांवरही थोडं ब्रशने लावा. ३७५, बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. फेस येणार नाही, त्यामुळे कडा बघायच्या. कडा गडद आणि किंचित वर वळल्या की काढा, मधला भाग मऊ वाटला तरी. पोर्कच्या ट्रेपासून वेगळा ट्रे, वेगळा चिमटा आणि शक्यतो आधीचा घाणा, म्हणजे त्या मुलांना निश्चिंतपणे खाता येईल.